नांगर न लागलेला कोपरा

हेमराज भिला पाटील हा क्षमाशील पुरुष नव्हे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. त्याचे वडील भिला पाटील यांनी, शेजाऱ्याने बांध हातभर सरकवला म्हणून त्याच्याशी जन्मभर भाषण केले नाही. आणि अंतसमयी मुलाला उशाशी बोलावून जे सांगितले ते देवाधर्माचे नव्हते, तो बांध एकदा पुन्हा मोजून घे, एवढेच होते. तेरावे उरकताच हेमराजने बांध मोजून घेतला. अशा कुळात जन्मलेल्या मनुष्याचे काही हरण करावे आणि त्याला त्याचे विस्मरण होईल अशी आशा बाळगावी, हे धाडसच म्हटले पाहिजे. नवनीतने ते केले.

म्हसावदच्या बसथांब्याजवळ हेमराजचे फ्लेक्सचे दुकान आहे. वाढदिवस, साखरपुडा, निवड, श्रद्धांजली अशा मनुष्यजीवनाच्या सर्व अवस्थांचे फलक तेथे रचले जातात. छपाई तेवढी शहाद्याला होते. या व्यवसायाचे खरे शास्त्र रंगांचे नसून क्रमाचे आहे. कोणाचा चेहरा वर, कोणाचा खाली, कोणाला स्वतंत्र वर्तुळ आणि कोणाला नुसती रांग, यात तसूभर चूक झाली तर दोन घरांचे येणेजाणे बंद होते. हेमराजकडून ती कधी झाली नाही. मानापमानाची तुला त्याच्या अंगात उपजतच टांगलेली होती.

परंतु फलक रचायचा म्हणजे संगणकाच्या चिंचोळ्या पडद्यावर एकाच वेळी किती पसारा मांडावा लागतो! एका चौकटीत गिऱ्हाइकाचा फोटो, दुसरीत मजकूर, तिसरीत फोनवरून आलेले निरोप, चौथीत मूळ फलक. या चौकटींना तिकडे विंडो म्हणतात. त्या एकमेकींच्या अंगावर पडतात, हवी ती खाली दडते, नको ती वर येऊन बसते. आणि सगळे जागच्या जागी लागले की नेमकी वीज जाते. वीज परत येते तेव्हा चौकटी पोळ्याच्या गर्दीतल्या गुरांसारख्या विखुरलेल्या असतात. हेमराज शहाद्याच्या महाविद्यालयातून विज्ञानाचा पदवीधर झालेला, संगणकाची भाषा पुढे पुस्तकांतून स्वतः शिकलेला. एका उन्हाळ्यात, गिऱ्हाईक विरळ असताना, त्याने या उपद्रवावर एक लहानसा प्रोग्राम लिहिला आणि त्याचे नाव ठेवले ‘बांध’.

नाव अन्वर्थक होते. शेताची वाटणी करावी तशी हा प्रोग्राम पडद्याची वाटणी करी. प्रत्येक चौकटीला तिचा वाटा, दोन वाट्यांमध्ये अदृश्य बांध, आणि बांध ओलांडून कोणी कोणावर पडायचे नाही. एखादी चौकट सतत डोळ्यांपुढे हवी असेल तर तिला माळ्यावर चढवावे, म्हणजे राखणदारासारखी ती सर्वांच्या वर बसून राहे. वीज जाऊन आली तरी प्रत्येक चौकट आपल्या वाट्यात निमूट परते. वाटणीचे चार नमुने त्याने तयार ठेवले होते, आणि त्यांना नावे दिली ती आपल्या घरच्या चार शेतांची: जांभूयवालं, नालावालं, चिंचानं, आणि लंगड्या बैलनं.

यांतल्या चौथ्या नमुन्यात एक विशेष होता. पडद्याचा उजवीकडचा खालचा कोपरा त्यात सदैव मोकळा राही. तिथे कोणतीही चौकट ओढून नेली तरी ती आपोआप मागे सरे. वापरणाऱ्यांना तो प्रोग्राममधला दोष वाटे. हेमराजला कोणी विचारले तर तो म्हणे, तिथे नांगर लागत नाही.

कारण त्या नावाच्या शेतात खरोखरच तसा एक कोपरा आहे. भिला पाटलांचा कवड्या नावाचा बैल, अंगावर कवड्या पसराव्यात तशा ठिपक्यांचा, एका पावसाळ्यात पुराच्या नाल्यातून भरली गाडी ओढून पैलतीराला लागला आणि तेथेच त्याचा पाय मोडला. लंगड्या बैलाला बाजाराची वाट दाखवणे ही जगाची रीत. भिला पाटलांनी ती मोडली. गोठ्यात सावलीच्या बाजूला बांधून शेवटपर्यंत त्याच्यापुढे वैरण टाकली, आणि तो गेला तेव्हा शेताच्या कोपऱ्यात मीठ घालून त्याला पुरले. त्या दिवसापासून तिथे नांगर वळतो. पोळ्याला तिथल्या दगडावर शेंदराचे बोट लागते. म्हसावदचे लहान पोरही त्या शेताला दुसऱ्या नावाने ओळखत नाही.

‘बांध’ हेमराजने कोणालाही फुकट दिला. शहादा, तळोदा, अक्कलकुवा येथील दुकानदार, पतसंस्थेतले कारकून, शाळेतले मास्तर पेनड्राइव्ह घेऊन येत आणि घेऊन जात. त्याच्या बदल्यात त्याने चहादेखील कोणाला पाजू दिला नाही. फक्त प्रोग्राम उघडताना क्षणभर एक ओळ दिसे: हेमराज भिला पाटील, म्हसावद. तेवढीच त्याची दक्षिणा.

नवनीत हा त्याच्या धाकट्या काकांचा मुलगा. काकांनी आपला वाटा विकून सुरतेला बिऱ्हाड हलवले तेव्हा तो रांगतही नसेल. तिकडेच शिकला, संगणकाच्या कंपनीत चांगल्या पदावर चढला. दिवाळीला गावी येई तो पाहुण्यासारखा येई आणि पाहुण्यासारखा जाई. एका दिवाळीत दुकानात बसून त्याने ‘बांध’ पाहिला, पुन्हा पुन्हा चालवून पाहिला आणि दादाची मनापासून स्तुती केली. ही वस्तू इंटरनेटवर ठेवली पाहिजे, तो म्हणाला. जगाने वापरली पाहिजे. हेमराजला तिकडची रीतभात ठाऊक नव्हती. त्याने प्रोग्रामची सगळी मूळ लिखापढी भावाच्या स्वाधीन केली आणि सांगितले, जगाला वाटून दे.

नवनीतने ते केले. पुढची दोन वर्षे हेमराजने त्याविषयी विचारले नाही, कारण दिलेल्या वस्तूची चौकशी करणे त्याला भिकारडेपणाचे वाटे. मग एके दिवशी नाशिकला शिकत असलेल्या त्याच्या मुलीचा, रुचिकाचा, फोन आला. तिच्या महाविद्यालयातल्या निम्म्या मुलींच्या संगणकावर ‘नवरचना’ नावाचे काहीतरी होते. तिने त्याचे चित्र बापाला पाठवले होते.

“पप्पा, हाई आपलं ‘बांध’च शे ना?” ती म्हणाली. “पण तुमनं नाव कोठेच नही.”

हेमराजने चित्र पाहिले. रंग बदलले होते, कडा गुळगुळीत झाल्या होत्या, पण वाटणी तीच होती. चारही शेते होती. चौथ्यातला मोकळा कोपरासुद्धा होता. उघडताना दिसणाऱ्या ओळीत मात्र लिहिले होते: निर्मिती, नवनीत पाटील, सुरत.

न्यायाची गोष्ट सांगायची तर नवनीतने श्रम केले नव्हते असे नाही. त्याने त्यातले खरे दोष काढले होते, नव्या संगणकांवर चालेल असे केले होते, विचारणाऱ्यांना उत्तरे देत बसला होता. हेमराजने फोन केला तेव्हा हे त्याने सांगितलेही. हेमराजने ते ऐकून घेतले, आणि कदाचित एवढ्यावरच गोष्ट मिटली असती. पण शेवटी नवनीत हसला आणि म्हणाला:

“दादा, तू त समदासले फुकट वाटी देत व्हता. फुकटनी वस्तूनी काय चोरी व्हस?”

हेमराजने फोन खाली ठेवला, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि समोर अर्धवट राहिलेला कोणाच्या तरी वाढदिवसाचा फलक पुरा केला.

आपल्याकडे दानाचा संकल्प सोडताना दात्याला नाव आणि गोत्र उच्चारावे लागते. पळीभर पाणी सोडायचे झाले तरी ते कोणी सोडले, कोणत्या कुळातल्याने सोडले, हे मोठ्याने सांगितल्यावाचून ते दान पूर्ण होत नाही. वस्तू दात्याची उरत नाही, पण देण्याची क्रिया अखेरपर्यंत त्याचीच राहते. हेमराजने प्रोग्रामवर पाणी केव्हाच सोडले होते. नवनीतने वस्तू नेली नव्हती. ती न्यायला मोकळीच होती. त्याने संकल्पातले नाव पुसले होते. हे हेमराजला शब्दांत सांगता आले नसते, पण त्या रात्रीपासून त्याला जेवण गोड लागेना, हे धनुबाईंनी पाहिले.

धनुबाई म्हणजे त्याची आई. दृष्टी मंदावलेली, वाणी शाबूत. त्यांनी एकदाच विचारले, त्याने एकदाच सांगितले. नागाने डूख धरावा तसा हा आपल्या बापासारखाच धरून बसणार, हे त्यांनी ओळखले.

डूख धरणाऱ्याला घाई नसते. हेमराजने समाजाच्या व्हॉट्सॲप गटात एक अक्षर टाकले नाही. काही मित्रांनी सुचवले की वकिलाची नोटीस धाड. तो म्हणाला, भाऊबंदाला नोटीस परका धाडतो. रोज दुकान उघडताना तो ‘बांध’ चालू करी, आपल्या नावाची ओळ उमटून विझेपर्यंत तिच्याकडे पाही, आणि कामाला लागे. संधी ही ऋतूसारखी असते, तिला बोलवावे लागत नाही, असे त्याचे वडील बांधासंबंधी म्हणत. आषाढात ती आपल्या पायांनी दुकानात आली.

तिला घेऊन आला इंद्रसिंग, गावातल्या तरुण मंडळाचा अध्यक्ष, उत्साही आणि भाबडा. सुरतेत राहून नाव कमावलेल्या भूमिपुत्राचा सत्कार करायचे मंडळाने ठरवले होते. राममंदिराच्या सभामंडपात शाल, श्रीफळ, भाषणे, आणि व्यासपीठामागे भिंतभर फ्लेक्स. फ्लेक्स करणार कोण, तर अर्थातच हेमराजभाऊ. भूमिपुत्र त्यांचा सख्खा चुलतभाऊ, म्हणजे दुधात साखर.

“नवनीतभाऊना फोटो मोठा टाका,” इंद्रसिंग म्हणाला. “आनि मांगे त्यासनी जे बनाडेल शे ते दखाडा. लोकेसले समजाले पाहिजे.”

हेमराजने मान हलवली. लोकांना समजले पाहिजे, हे त्यालाही मान्य होते.

तो फलक रचायला त्याने इतर कोणत्याही फलकाला दिला नसेल इतका वेळ दिला. त्याने त्यात खोडी केली नाही. नवनीतचा फोटो देखणा निवडला, नाव ठसठशीत घातले, उपाधी जशी सांगितली तशी लिहिली. मागे ‘नवरचना’चे चित्र, जसे इंटरनेटवर होते तसे, एक रेघही न बदलता. फक्त मोठे केले. मूळ पडद्यावर चार नमुन्यांची नावे मुंगीएवढ्या अक्षरांत होती. फलकावर ती मंडपाच्या शेवटच्या खांबाशी बसलेल्या म्हाताऱ्यालाही वाचता येतील एवढी झाली. आणि उजवीकडचा खालचा कोपरा नमुन्याप्रमाणे कोरा राहिला, पांढरा स्वच्छ.

इंद्रसिंगला तो कोपरा खटकला. “आठे काय ऱ्ही गयं का, भाऊ?”

“तठे काही टाकता येत नही,” हेमराज म्हणाला. “कसाले, ते नवनीतले इचार.”

सत्काराच्या दिवशी सकाळी मंडप भरला. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया; पुढे खुर्च्यांवर मान्यवर. नवनीत पांढऱ्या सदऱ्यात व्यासपीठावर बसला होता, आणि त्याच्यामागे त्याचा स्वतःचा चेहरा त्याच्याहून दसपट मोठा होऊन हसत होता. हेमराज मागच्या खांबाला टेकून उभा राहिला. त्याने दाढी केली होती आणि वडिलांचा रुमाल खांद्यावर घेतला होता.

लोकांचे वाचन हळूहळू सुरू झाले. प्रथम पुढच्या रांगेत कोणी बोट दाखवले, मग कोणी शेजाऱ्याला कोपरखळी मारली. भाषणे चालू असतानाच कुजबुजीची एक लाट पुरुषांकडून उठून बायांकडे गेली आणि हसू घेऊन परतली. भिला पाटलांचे जिवलग लोटन आबा, ज्यांचे शेत लंगड्या बैलाच्या शेताला लागून आहे, कपाळावर हात धरून बराच वेळ फलकाकडे पाहत होते. शेवटी ते शेजाऱ्याला म्हणाले, पण कानाने कमी असल्यामुळे सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले:

“ह्या त भिलाना वावरे शेतस.”

नवनीत त्या वेळी बोलायला उभा राहिला होता. त्याने ते ऐकले असेलही, पण वावरे, म्हणजे शेते, कोणाची, कसली, हा बोध त्याला होण्यासारखा नव्हता. त्याच्या लेखी ती चार गमतीदार ग्रामीण नावे होती. दादाने सुचली तशी ठेवली, लोकांना आवडली, म्हणून त्याने राहू दिली. स्वतःचे नाव घालणाऱ्या त्या हाताला ती पुसावीशी वाटली नाहीत, कारण ती कोणाची तरी नावे आहेत हेच त्याला माहीत नव्हते. गावात वाढलेल्या कोणत्याही चोराने हा प्रमाद केला नसता. त्याने शुद्ध मराठीत, मोठ्या तयारीने सांगितले की आपल्या मातीशी नाते राखावे म्हणून ही नावे त्याने निसर्गातून निवडली. मग तो त्या कोऱ्या कोपऱ्याकडे वळला. तो म्हणाला, मनुष्याच्या दृष्टीला विसावा हवा असतो, म्हणून रचनेत एक जागा त्याने मुद्दाम मोकळी ठेवली.

मंडप शांत झाला. ती शांतता आदराची नव्हती, पण वक्त्याला तशी वाटली. शेवटी इंद्रसिंगने रीतीप्रमाणे विचारले की कोणाला पाहुण्यांना काही विचारायचे आहे काय, आणि हेमराज खांबापासून पुढे आला.

“नवनीत,” तो म्हणाला, “त्या बैलनं नाव काय व्हतं?”

नवनीत हसला. “कोणता बैल, दादा?”

हेमराजला आणखी काही विचारायचे नव्हते. तो जागेवर परतला. मग लोटन आबा जणू स्वतःशीच म्हणाले, “कवड्या,” आणि बायांच्या बाजूने दोघी-चौघींनी तेच नाव, त्याच धीम्या सुरात, पुन्हा उच्चारले. अंत्यविधीला नाव घ्यावे तसे ते मंडपात फिरून आले.

“सुरतमा बैल नही ऱ्हातस, हेमराज,” लोटन आबांनी पुस्ती जोडली. “त्याले काय माहित.”

लोक हसले आणि उठले. इंद्रसिंगच्या हातात शाल घडीचीच राहिली. ती पांघरावी की ठेवून द्यावी हे त्याला कोणी सांगेना. नवनीतने भिंतीकडे वळून आपल्या मागचा फलक पहिल्यांदाच नीट वाचला, जांभूयवाल्यापासून कोऱ्या कोपऱ्यापर्यंत, आणि तो दुपारच्या गाडीने सुरतेला गेला. जाताना काकूच्या पाया पडायला तो घरी आला नाही. हेमराजने संध्याकाळी मंडपात जाऊन फ्लेक्स उतरवला, नीट गुंडाळला आणि माळ्यावर ठेवला. त्या दिवशी तो दोन भाकरी जास्त जेवला.

एवढ्याने सूड पुरा झाला असे आपल्याला वाटेल. हेमराजला वाटले नाही. नाव अजून होते तिथेच होते. हसे झाले होते गावात, ‘नवरचना’ उघडणाऱ्याला अजून नवनीतच दिसत होता. आणि श्रावण तोंडावर आला होता.

श्रावणात खान्देशात कानबाई येते. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ, टिकली, साडी लेववून देवी मांडतात, सोमवारी वाजतगाजत तिला निरोप देतात. त्या आधी तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, दळण निघते, आणि त्या दळणाची रीत अशी की भाऊबंदातल्या एकेका पुरुषाचे नाव घेऊन घरची वडीलधारी बाई सुपात गव्हाची मूठ टाकते. ज्याची मूठ पडली तो कुळात. तो दूरदेशी असला तरी त्याचा रोट लागतो. ते रोट कुळाबाहेरच्याने खायचे नसतात, आणि कुळातल्याने टाळायचे नसतात. ज्याचे नाव घेतले गेले नाही तो एक तर वारला आहे किंवा त्याला वारल्यात जमा केले आहे.

पाटलांच्या भाऊबंदकीची मूठ धनुबाईंच्या हातची. त्या शनिवारी सकाळी ओसरीवर सूप मांडून त्यांनी नावे घ्यायला आरंभ केला. गेलेल्यांना वगळत, असलेल्यांना घेत, त्या हेमराजपर्यंत आल्या. त्याची मूठ पडली. पुढचे नाव नवनीतचे होते. हेमराजने सुपावर आडवा हात धरला.

“त्यानी मूठ नको.”

“मूठ देवीनी शे, पोऱ्या. तुन्ही नही.”

“त्यानी मन्हं नाव काढं. मी त्यानं काढसू. फिटंफाट.”

धनुबाईंची मूठ मिटलेलीच राहिली. आणि दैवाची योजना पाहा, त्याच वेळी अंगणाच्या फाटकाशी नवनीत उभा होता. सुरतेहून पहाटे निघालेला, चेहरा ओढलेला. त्याला त्या वर्षी मुलगा झाला होता. आणि सुरतेला आजारी असलेल्या त्याच्या आईने, मीनाबाईंनी, हट्ट धरला होता की नातवाची पहिली मूठ म्हसावदच्याच सुपात पडली पाहिजे. तेवढ्यासाठी तो आला होता. ओसरीवरचे बोलणे त्याने ऐकले होते.

तो पायरीशी येऊन थांबला आणि बाळाचे नाव सांगितले. हेमराजने हात बाजूला घेतला. आईला म्हणाला, “पोऱ्यानी टाक. बापनी नको.”

धनुबाईंनी बाळाची मूठ टाकली. बापावाचून मुलगा कुळात आला. याहून तीक्ष्ण शस्त्र हेमराजला शोधूनही सापडले नसते; आणि ते वर्मी लागले हे नवनीतच्या मुद्रेवरून दिसले. तो मान खाली घालूनच म्हणाला की दादा, नाव टाकी देसू, पयले तुन्हं, मंग मन्हं. आत्ता, इथे बसून. खांद्यावरच्या पिशवीत त्याचा संगणक होता.

ही तडजोड दुसऱ्या कोणी स्वीकारली असती. पण ज्याने आयुष्य फलकांवरच्या चेहऱ्यांचा क्रम लावण्यात घालवले त्याला हा क्रम अपुरा वाटला.

“पयले कवड्या,” हेमराज म्हणाला. “मंग मी. मंग तू.”

नवनीतचा चेहरा लाल झाला. हजारो माणसे ती ओळ पाहतात, कंपनीतले लोक पाहतात. “बैलना खाले मन्हं नाव?”

हेमराजच्या भात्यात आणखी एक बाण होता. तो त्याने सत्काराच्या दिवशीही काढला नव्हता, आजसाठी राखला होता. आणि आता तो धनुष्याला लावणार तोच आईने तो त्याच्या हातून घेतला. धनुबाई नवनीतकडे वळल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणून तो अधिक जड गेला.

“ज्या दिनले तो बैल लंगडा व्हयना, त्या दिनले गाडामा तुन्ही माय व्हती, बेटा. कळा सुरू व्हयेल व्हत्यात. नालाले पूर. तू पोटमा व्हता.”

गोठ्यात घंटा वाजत होती. नवनीतने एकदा काकूकडे पाहिले, एकदा दादाकडे. दादाच्या चेहऱ्यावर त्याला करुणेची रेघ शोधायची असावी. ती तिथे नव्हती. हे तुला ठाऊक होते काय, असे त्याने डोळ्यांनीच विचारले, आणि हेमराजने डोळ्यांनीच सांगितले की पूर्वीपासून.

नवनीत पायरीवरच बसला. पिशवीतून संगणक काढून मांडीवर उघडला. बोटे चालत असताना हेमराज त्याच्या मागे उभा राहून एकेक अक्षर पाहत होता, जसा शहाद्याच्या छापखान्यात उभा राहून पाहतो. पहिल्या ओळीत ‘कवड्या’ आले. दुसरीत ‘हेमराज भिला पाटील, म्हसावद’. तिसरीत नवनीतने स्वतःचे नाव लिहिले आणि सवयीने पुढे ‘निर्मिती’ घातले. मागून खाकरणे ऐकू आले, आणि त्याने ते खोडले. प्रोग्रामचे नाव पुन्हा ‘बांध’ झाले. सगळे जगाकडे रवाना झाल्यावर हेमराज आईला म्हणाला, “टाक.”

धनुबाईंनी मूठ उघडली. इतका वेळ मिटून धरलेली असल्यामुळे गव्हाचे काही दाणे तळव्याला चिकटले होते. ते त्यांनी एकेक करून सुपात झटकले. नवनीतच्या वाट्याचे होते ते.

आता तरी दोन्ही भावांनी गळ्यात गळा घातला, असे सांगायला मलाही आवडले असते. पण हेमराजने नवनीतला क्षमा केली नाही; त्याने त्याला मोजून घेतले, एवढेच. विचार केला तर बाहेर टाकलेला मनुष्य सुटतो. कुळात राहिलेल्याला दर श्रावणी यावे लागते, पंगतीत बसावे लागते, आणि सगळ्यांदेखत खावे लागते. वैर करायलासुद्धा भाऊबंदच लागतो, परक्याशी ते टिकत नाही.

सोमवारी कानबाईला निरोप देऊन मंडळी परतली तेव्हा श्रावणाची बुरबुर लागून राहिली होती. अंगणात पंगत बसायची, म्हणून वर काहीतरी ताणायला हवे होते. हेमराज माळ्यावर चढला आणि गुंडाळी घेऊन उतरला. खेड्यात जुना फ्लेक्स कोणी टाकून देत नाही. कांद्यावर पसरतात, कडब्यावर बांधतात. त्याने तो चार खांबांना ताणून बांधला, छापलेली बाजू खाली. पंगतीवर नवनीतचा दसपट चेहरा हसत राहिला; भोवती चार शेते, आणि एका बाजूला कोरा पांढरा कोपरा. नवनीतचे पान नेमके चेहऱ्याखाली मांडले गेले. ते कोणी मांडले, हे कोणी विचारले नाही.

लोटन आबा भाऊबंद नव्हते, त्यांना रोट चालत नव्हता. ते ओट्यावर बसून नुसती मजा पाहत होते. रोट, खीर, गंगाफळाची भाजी वाढली गेली. नवनीतने पहिला घास हातात घेतला आणि वर पाहिले.

“खाय, बेटा,” धनुबाई म्हणाल्या. “तुन्हा वाटानं शे.”

तो खाऊ लागला. पावसाचे पाणी फ्लेक्सवर साचून ठिकठिकाणी त्याला पोट सुटत होते, विशेषतः कोऱ्या कोपऱ्यात, कारण ती बाजू उताराची होती. हेमराज काठी घेऊन उठला. पाणी काढायचे तर काठी कोपऱ्याला लावायला हवी होती. त्याने तो कोपरा सोडून ती नवनीतच्या छापील नाकाला लावली, वर ढकलली, आणि खाली बसून आपला रोट मोडला. थोड्या वेळाने पाणी पुन्हा साचले, तेव्हा तो पुन्हा उठला.